'प्रेग्नंट' : एक शब्द कीं दोन?

परभाषेंतील जो शब्द ओळखीचा वाटतो, तोच वाचकास अधिक फसवितो. 'प्रेग्नंट' हा इंग्रजी शब्द त्यांतलाच. गर्भवती स्त्रीचें हें विशेषण शाळकरी मुलांसही ठाऊक असतें; म्हणूनच शेक्सपिअरच्या नाटकांत तें भेटलें म्हणजे आमचे विद्यार्थी 'गर्भ' तेवढा हातीं धरून पुढें चालूं लागतात. हॅम्लेटच्या वेडसर उत्तरांस पोलोनिअस हें विशेषण देतो. तेथें 'अर्थगर्भ' हा प्रतिशब्द खरोखरच शोभतो. परंतु पुढें त्याच नाटकांत हॅम्लेट होरेशिओपाशीं खुशामतखोरांविषयीं बोलतो, तेव्हां लाभाच्या आशेनें वांकणाऱ्या गुडघ्याच्या सांध्यांसही हेंच विशेषण लागतें. त्या सांध्यांत कोणता गर्भ शोधावयाचा? तेथें अर्थ आहे 'तत्पर'. 'मेझर फॉर मेझर'मध्यें अँजेलो हाच शब्द 'उघड, स्पष्ट' या अर्थानें योजितो.

या गोंधळाचें मूळ असें कीं, इंग्रजींत एका वेषानें दोन शब्द वावरत आले आहेत. पहिला लॅटिन 'प्राए' म्हणजे 'पूर्वीं' आणि जन्मवाचक धातु यांपासून झालेला. हा धातु म्हणजे आपल्या 'जन्' धातूचा सख्खा भाऊ. दुसरा लॅटिन 'प्रेमेरे', म्हणजे दाबणें, यापासून जुन्या फ्रेंचमधून आलेला; मनावर ज्याचा दाब पडतो असा पुरावा किंवा युक्तिवाद तो 'प्रेग्नंट'. चौदाव्या शतकांतील चॉसरच्या 'ट्रॉयलस'मध्यें मूर्च्छित क्रिसाइड मरण पावली, अशी नायकाची खात्री पटविणाऱ्या लक्षणांस हेंच विशेषण आहे. म्हणजे मरणाच्या पुराव्यास जो शब्द लागला, त्यांत जन्माचा संबंध मुळींच नव्हता! पुढें उच्चार व लेखन एकच झाल्यानें अर्थ एकमेकांत मिसळले. अशा स्थळीं सरसकट 'गर्भ' घालणारा भाषांतरकार, आमच्या मतें, मूळ वाचतच नाहीं. तो केवळ कोश वाचतो, आणि तोही पहिल्या ओळीपुरता.

खुद्द गर्भवाचक अर्थाची कथाही मौजेची आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलांत मेरीविषयीं 'विथ चाइल्ड' अशी साधी योजना आहे. पुढें सभ्य समाजास 'प्रेग्नंट' उच्चारणेंही अवघड झालें व फ्रेंच 'आँसँत'चा पडदा आला. १९५२ सालीं अमेरिकेंत 'आय लव्ह लुसी' या दूरचित्रवाणी मालिकेची नायिका प्रत्यक्षांतही गर्भवती होती. तरी सीबीएस या संस्थेनें हा शब्द उच्चारूं दिला नाहीं, आणि त्या भागाच्या नांवांत तोच फ्रेंच शब्द आला.

मराठीस असा पडदा फारसा लागला नाहीं. स्त्री गरोदर, गाय गाभण, हा भेद आपल्या भाषेनें केला; इंग्रजीस दोघींना एकच शब्द पुरतो. 'दोन जिवांची' या बोलांत तर सुश्रुताचा ध्वनि ऐकूं येतो. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून तो स्त्रीस दोन हृदयांची म्हणतो. आज मात्र शहरांतील सुशिक्षित घरांत 'पोटुशी' ग्राम्य ठरली आहे, आणि सोज्ज्वळ म्हणून जो शब्द बोलला जातो तो 'प्रेग्नंट'!