एका हास्यगीताची पाठचिकित्सा

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात ज्याला ‘नॉव्हेल्टी साँग’ म्हणतात आणि ज्याला आपण सोयीसाठी चमत्कृतिगीत म्हणू, तो प्रकार अभ्यासकांनी नेहमीच उंबरठ्याबाहेर ठेवला आहे. एखादी नक्कल, एखादी शीळ किंवा नुसते हसणे यांवर उभे असलेले हे गाणे काही महिने गाजते. चमत्कृती हेच त्याचे सारे भांडवल असल्यामुळे ती ओसरली की ते जपून ठेवण्याचे कारण कोणालाच उरत नाही. त्यामुळे अशा गीतांचा माग काढणे हा हौशी संग्राहकांचा उद्योग समजला जातो. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. जे कोणी जपले नाही त्याचा शोध घेताना पुराव्याची जी पारख करावी लागते, ती जुन्या पोथ्यांच्या संपादकाला लागणाऱ्या पारखेहून कमी प्रतीची नसते. काही ठिकाणी तर पोथीशास्त्राचे ठरलेले नियमच तिथे अपुरे पडतात.

उदाहरणादाखल जॉर्ज वॉशिंग्टन जॉन्सन या कृष्णवर्णीय गायकाचे ‘द लाफिंग साँग’ घेऊ. जॉन्सनचा जन्म 1846 च्या सुमारास व्हर्जिनियात, गुलामगिरीच्या काळात झाला. पुढे न्यूयॉर्कमध्ये नावांच्या धक्क्यांवर शीळ वाजवून तो चार नाणी मिळवीत असे. 1890 च्या सुमारास ध्वनिमुद्रणाच्या नव्या धंद्यातील माणसांनी त्याला यंत्रासमोर उभे केले आणि ‘द व्हिसलिंग कून’ व ‘द लाफिंग साँग’ या दोन गाण्यांनी तो त्या धंद्यातील पहिला यशस्वी कृष्णवर्णीय गायक ठरला. (पहिल्या गाण्याच्या नावातील शेवटचा शब्द कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरली जाणारी शिवी आहे, हे विसरून चालणार नाही.)

आता संशोधकापुढील अडचण पाहा. त्या काळी मेणाच्या दंडगोलावर मुद्रण होई, आणि नकला काढण्याची जी साधने होती त्यांतून थोड्याच व निकृष्ट नकला निघत. मागणी पुरविण्याचा मार्ग एकच : गायकासमोर अनेक यंत्रे मांडावयाची, तेवढे दंडगोल भरले की नवे चढवावयाचे, आणि गायकाने तेच गाणे पुन्हा आरंभापासून म्हणावयाचे. जॉन्सनने हे गाणे किती वेळा म्हटले असेल याची गणतीच नाही. याचा अर्थ असा, की ग्राहकाच्या घरी गेलेले दंडगोल हे एका मूळ मुद्रणाच्या प्रती नव्हेत. यंत्रांच्या प्रत्येक फेरीगणिक गायन वेगळे, हास्य वेगळे, धापही वेगळी.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुळाशी असे गृहीत आहे की उपलब्ध पोथ्यांच्या तुलनेतून त्यांच्या सामाईक पूर्वज पाठाकडे, निदान त्याच्या जवळपास, जाता येते. येथे असा पूर्वजच नाही. सारे पाठभेद सख्खी भावंडे आहेत आणि त्यांचा जनक हा पाठ नसून एक माणूस आहे. म्हणून ‘अस्सल प्रत कोणती?’ हा संग्राहकांचा आवडता प्रश्न या गाण्यापुरता निरर्थक ठरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत 2013 च्या यादीत जे मुद्रण समाविष्ट झाले, तेही 1896 च्या सुमाराचे एक गायन आहे, आद्य गायन नव्हे.

1902 च्या सुमारास साच्यातून दंडगोल ओतण्याची रीत रूढ झाली आणि एका मुद्रणातून हव्या तेवढ्या नकला निघू लागल्या. पाठचिकित्सकाला हवी असणारी मूळ प्रत अखेर अस्तित्वात आली. पण तिच्या येण्यानेच जॉन्सनच्या पुनःपुन्हा गाण्याची गरज संपली. पुढे लेन स्पेन्सर या सहगायकाच्या कचेरीत तो द्वारपाल म्हणून राहिला.

ओळख पटविण्याचे साधन म्हणजे दंडगोलाच्या आरंभी केलेली उद्घोषणा. गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि कंपनीचे नाव तीत सांगितलेले असते. आपल्याकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांतही गायिका शेवटी स्वतःचे नाव सांगत. 1902 मध्ये कलकत्त्यास मुद्रित झालेली गौहरजान याविषयी प्रसिद्धच आहे. मात्र अभंगातील नाममुद्रेबाबत जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच येथे हवी. नाममुद्रा कर्तृत्वाचा दावा सांगते, पुरावा देत नाही. आणि जेथे उद्घोषणाच नसते, तेथे काय होते हे ओके कंपनीने 1922 मध्ये अमेरिकेत काढलेल्या हसण्याच्या ध्वनिमुद्रिकेवरून दिसते. तिच्यात एक वादक गंभीर सूर काढू पाहतो आणि एक स्त्री व एक पुरुष अनावर हसत सुटतात. मुद्रण मूळचे जर्मनीतले होते, पण हसणारी माणसे कोण, हे तबकडीवर कोठेही नव्हते.

कागदोपत्री पुराव्याचे मोल जॉन्सनच्या चरित्रात विशेष दिसते. बायकोच्या खुनाबद्दल त्याला फाशी झाली, ही दंतकथा संग्राहकांत दीर्घकाळ फिरत होती. टिम ब्रूक्स यांनी ‘लॉस्ट साउंड्स’ (2004) या ग्रंथात मूळ कागदपत्रांच्या आधारे दाखविले, की 1899 मध्ये खटला झाला हे खरे, पण जॉन्सन निर्दोष सुटला आणि 1914 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. एका माणसाला मरणोत्तर फाशीवरून उतरविणारे हे संशोधन किरकोळ म्हणता येणार नाही.

राहिला प्रश्न गाण्याच्या अर्थाचा. रस्त्याने जाताना लोक आपल्या रूपावर टोमणे मारतात असे गायक सांगतो आणि ध्रुवपदात सुरात हसतो. हे हास्य म्हणजे अपमान गिळणाऱ्याची लाचारी, असा एक अर्थ लावता येतो. नुसते शब्द वाचले तर तोच लागतो. परंतु ऐकताना आमचे मत बदलले. शब्द संपल्यावरही हास्य थांबत नाही, ते तालात बांधलेले असते, आणि क्षणभर कोण कोणाला हसतो आहे याचा निर्णय होत नाही. ही संदिग्धता हेच या गाण्याचे वाङ्मयीन मूल्य होय.

याचा पडताळा पाहावयाचा असेल तर चार्ल्स पेनरोझ या इंग्रज विनोदकाराचे ‘द लाफिंग पोलिसमन’ ऐकावे. 1922 मध्ये प्रथम आणि 1926 मध्ये पुन्हा मुद्रित झालेल्या या गाण्याची चाल जॉन्सनचीच आहे. परंतु हसणारा आता गुबगुबीत शिपाई आहे; त्याला कोणी हिणविलेले नाही, म्हणून त्याच्या हसण्याला काही उत्तरही द्यावयाचे नाही. गाणे अधिक सुबक झाले आहे, मुलांना आवडावे इतके निरुपद्रवी झाले आहे. त्याच्या कर्तृत्वाच्या जागी ‘बिली ग्रे’ हे नाव आहे. ते पेनरोझच्या पत्नीचे टोपणनाव होय.