क्षुल्लकाचा पुरावा : ‘ट्रायफल्स’ हे रहस्यनाट्य आणि त्याचे कथारूप

एकच कथावस्तू एकाच लेखकाने दोन वाङ्मयप्रकारांत हाताळली असता त्या संहितांची तुलना रूपांतराच्या तंत्रापुरती मर्यादित राहत नाही. प्रकार बदलला की पात्रांकडे पाहण्याची जागा बदलते आणि जागा बदलली की अर्थही बदलतो. अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेल यांची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका (१९१६) आणि तिचेच कथारूप असलेली ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (१९१७) या दोन संहितांचा विचार लिंगभावाच्या अंगाने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९१६ हे वर्ष आपल्याकडेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला काशी हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी महर्षी कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. स्त्रीला कोणते ज्ञान द्यावे, हा प्रश्न तेव्हा आपल्या समाजासमोर होता. ८ ऑगस्टला प्रॉव्हिन्सटाउन येथे रंगमंचावर आलेल्या ‘ट्रायफल्स’ने निराळाच प्रश्न विचारला : स्त्रीजवळ जे ज्ञान आधीपासूनच आहे, त्याला ज्ञान म्हणून ओळखणार कोण?

या कथावस्तूमागे एक प्रत्यक्ष खटला आहे. डिसेंबर १९०० मध्ये आयोवा राज्यात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा अंथरुणात कुऱ्हाडीने खून झाला. पत्नी मार्गारेट हिच्यावर आरोप ठेवण्यात आला. ग्लास्पेल यांनी तरुण वार्ताहर म्हणून या प्रकरणाच्या बातम्या दिल्या होत्या. मार्गारेट १९०१ मध्ये दोषी ठरली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि १९०३ च्या फेरसुनावणीत ज्यूरीचे एकमत होऊ शकले नाही. नवऱ्याच्या जाचाविषयी मार्गारेट पूर्वी शेजाऱ्यांजवळ बोलली होती. न्यायालयात तेच तिच्याविरुद्ध हेतूचा पुरावा म्हणून मांडले गेले. स्त्रीने सोसलेला जाच तिचा बचाव ठरण्याऐवजी तिच्यावरचा आरोप ठरतो, ही या खटल्यातील विसंगती दोन्ही संहितांच्या मुळाशी आहे.

कथानक थोडक्यात असे : जॉन राइट दोराने गळा आवळून मारला गेला आहे, पत्नी मिनी तुरुंगात आहे. शेरीफ पीटर्स, सरकारी वकील आणि शेजारी हेल तपासासाठी त्यांच्या घरी येतात. सोबत मिसेस पीटर्स व मिसेस हेल या दोघी मिनीचे कपडे नेण्यासाठी आल्या आहेत. पुरुष माडी आणि गोठा धुंडाळतात; स्वयंपाकघरात काहीच नाही, असे त्यांनी गृहीत धरलेले आहे. तेथेच या दोघींना अर्धवट आवरलेले टेबल, गोधडीच्या एका तुकड्यावरील विस्कटलेले टाके, मोडलेला पिंजरा आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी सापडतो. खुनाचा हेतू त्यांच्या हाती येतो आणि त्या तो लपवतात. प्रत्यक्ष खटल्यातील कुऱ्हाडीच्या जागी लेखिकेने दोर आणला, तो याचसाठी. पक्ष्याचा आणि नवऱ्याचा मृत्यू त्यामुळे एकाच रीतीचा होतो.

रहस्यकथेच्या रूढ रचनेत शोध घेणारा बुद्धिमान पुरुष असतो आणि शेवटी तो सर्वांसमोर उलगडा करतो. येथे शोध घेणाऱ्या दोन गृहिणी आहेत आणि उलगडा होताच त्या गप्प बसतात. या यशाचे श्रेय पुष्कळदा ‘स्त्रीसुलभ अंतःप्रेरणे’ला दिले जाते. हे स्पष्टीकरण स्वीकारता येत नाही. टाके कुठे बिघडले, हे मिसेस हेलला कळते, कारण तिने आयुष्यभर शिवण केले आहे. हे कष्टाने मिळवलेले, कामातून आलेले ज्ञान आहे. पुरुषांपाशी ते नाही, कारण ते काम त्यांनी कधी केलेले नाही. याला अंतःप्रेरणा म्हणणे म्हणजे हेल आपल्या शेऱ्यात ज्याला क्षुल्लक म्हणतो, त्यालाच गौरवाचे नाव देऊन पुन्हा क्षुल्लक ठरवणे होय.

नाटक हे ज्ञान बाहेरून दाखवते. रंगमंचावर एकच स्वयंपाकघर आहे. पुरुष त्यात येतात, थट्टा करून निघून जातात. स्त्रिया तेथेच राहतात. आरंभी दाराशी उभ्या असलेल्या या दोघींच्या मनात काय चालले आहे, हे सांगणारा निवेदक नाही. त्यांच्या नजरा, थांबणे, हातातील वस्तू यांवरूनच प्रेक्षकाला अनुमान करावे लागते. परिणामी प्रेक्षक स्वतःच तपासात ओढला जातो. पुरुष जे पाहत नाहीत ते तो पाहतो आणि पेटी लपवली जाताना मूक राहून त्या कृत्याचा भागीदार होतो. पहिल्या प्रयोगात मिसेस हेलची भूमिका स्वतः ग्लास्पेल यांनी केली होती.

कथेत संवाद बहुतांशी तेच राहतात. पण निवेदन मार्था हेलच्या मनालगत चालते. कथेचा आरंभ राइटच्या घरात होत नाही. मार्थाला स्वतःच्या स्वयंपाकघरातून, पीठ अर्धे चाळलेले टाकून, घाईने निघावे लागते. पुढे मिनीच्या ओट्यावर अर्धवट भरलेली साखर पाहताच ती थबकते. हात मध्येच का थांबला असेल, हा प्रश्न तिला तपासनीस म्हणून पडत नाही. तो तिच्याच सकाळीतून आलेला असतो. दुसरे असे, की मिनीच्या घरी आपण वर्षानुवर्षे गेलो नाही, ही टोचणी नाटकात संवादापुरती आहे. कथेत ती सलग वाहते आणि मार्थाला साक्षीदाराच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर आणते. मिनी नाटकात अनुपस्थित आहे. कथेत ती मार्थाच्या आठवणीतून, गाणारी तरुण मुलगी म्हणून, वारंवार उपस्थित होते.

शीर्षकातील बदलही याच दिशेचा आहे. ‘ट्रायफल्स’ हा पुरुषाच्या तोंडचा तुच्छतेचा शब्द आहे. नाटक तो उलटवते. ‘बरोबरीच्यांची ज्यूरी’ हा कायद्याचा शब्द आहे; कथा त्यावर हक्क सांगते. कथा प्रसिद्ध झाली तेव्हा आयोवात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार नव्हता. मिनीचा न्याय तिच्या बरोबरीच्यांनी करायचा, तर तो स्वयंपाकघरातच होऊ शकत होता.

परंतु ‘बरोबरी’ म्हणजे काय? केवळ स्त्री असणे ही बरोबरी नव्हे. मिसेस पीटर्स आरंभी कायद्याच्या बाजूनेच बोलते. तिचा विवाह जणू कायद्याशीच झाला आहे, असे वकील सुचवतो. लहानपणी एका मुलाने तिचे मांजराचे पिल्लू तिच्यादेखत मारले होते आणि ओसाड माळावर तिचे पहिले मूल गेले होते. या दोन आठवणी जाग्या झाल्यावरच ती मिनीजवळ सरकते.

मराठी वाचकाला येथे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आठवल्याशिवाय राहणार नाही. विजय तेंडुलकरांच्या या नाटकात खेळातले न्यायालय लीला बेणारेच्या खासगी आयुष्यावर उलटते. न्यायाधीश झालेल्या काशीकरांची पत्नी तेथे उपस्थित आहे. मिसेस पीटर्सप्रमाणे तीही ‘कायद्याची पत्नी’ आहे. आणि ती बेणारेविरुद्ध सर्वाधिक उत्साहाने बोलते. निपुत्रिक, नवऱ्याकडून सतत गप्प केली जाणारी ही स्त्री स्वतःचे दुःख बेणारेच्या दुःखाशी जोडत नाही. ती ते तिच्यावर उगवते. दोघींच्या स्थितीत फारसा फरक नाही, फरक आहे तो आठवणीला वाट मिळण्यात. समकक्षता जन्माने येत नाही. ती घडावी लागते आणि कधी घडतही नाही.

ती कशी घडते, याचे उदाहरण आपल्याकडे ग्लास्पेल यांच्याही आधीचे आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आगपाखड झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जात, प्रांत, भाषा यांपैकी काहीच समान नसताना त्या विजयालक्ष्मीच्या ज्यूरीत जाऊन बसल्या आणि आरोप करणाऱ्यांनाच प्रश्न विचारू लागल्या.

मात्र एक फरक नोंदवणे अगत्याचे आहे. ताराबाई बोलल्या आणि छापून बोलल्या. ग्लास्पेल यांच्या स्त्रिया पुरावा खिशात घालून गप्प राहतात. गोधडी टाक्यांनी जोडायची की गाठींनी, या वकिलाच्या थट्टेच्या प्रश्नाला मिसेस हेल शिवणाच्या भाषेतले नेमके उत्तर देते. ते त्याला कळत नाही. हा विजय असला, तरी लपूनच टिकणारा आहे. मिनी सुटेलही, पण तिने काय सोसले, हे कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरी नोंदले जाणार नाही. नाटक या मौनाचा ताण अधिक तीव्रतेने देते. ते मौन किती उशिरा आलेले आहे, हे मात्र कथाच सांगते. मार्था पक्षी लपवते, तेव्हा ती मिनीला वाचवत असते आणि त्याच वेळी स्वतःच्या वीस वर्षांच्या न जाण्याची भरपाईही करत असते. न्याय आणि भरपाई यांतील हे अंतर वाचकापुढे ठेवते, म्हणून लिंगभावाच्या अभ्यासात कथारूपाला नाटकाची केवळ दुय्यम आवृत्ती मानता येत नाही.