पहिला क्रमांक कुणाचा? अमेरिकन चित्रपटांच्या याद्या आणि आपला निर्णय



मागच्या व्याख्यानात आपण 'मला आवडलं' आणि 'हे चांगलं आहे' या दोन विधानांतला फरक पाहिला. आज तोच धागा पुढे नेऊ. त्यासाठी उदाहरण घेऊ अमेरिकन सिनेमाचं. त्यातले सर्वश्रेष्ठ चित्रपट कसे निवडायचे, आणि निवडले तर त्यांना क्रमांक द्यायचे का?

आधी एक कबुली देतो. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा 'सिटिझन केन' पाहायला मिळण्याआधीच तो जगात पहिल्या क्रमांकाचा आहे, हे आम्हाला पाठ होतं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक दर 10 वर्षांनी समीक्षकांची मतं घेतं, आणि 1962 पासून तोच वर होता. पुढे एका फिल्म सोसायटीच्या खेळाला तो पाहायला मिळाला. 16 मिलिमीटरची झिजलेली प्रिंट, खरखरणारा आवाज. खेळ सुटल्यावर चहाच्या टपरीवर सगळे म्हणाले, "काय चित्रपट आहे!" आम्हीही म्हणालो. खरं तर आम्हाला फारसं काही भिडलं नव्हतं. पण पहिल्या क्रमांकापुढे तसं बोलायचं कसं? आमच्या वतीनं त्या आकड्यानंच चित्रपट पाहून टाकला होता.

बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा पाहिला आणि एका प्रसंगापाशी थांबलो. घरात आई कागदावर सही करते आहे. त्या सहीनं तिचा मुलगा एका बँकवाल्याच्या ताब्यात जाणार आहे. बाप कुरकुरतो आहे. आणि मागे, खिडकीच्या चौकटीत, तो मुलगा बर्फात खेळतो आहे. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यानं टेबलावरचा कागद आणि दूरचा मुलगा दोन्ही सारखेच स्पष्ट ठेवले आहेत. कुठे पाहायचं ते आपल्यावर सोडलं आहे. आपल्या आयुष्याचा सौदा होतोय हे त्या पोराला माहीत नाही, आणि आपण दोन्ही एकाच वेळी पाहतो आहोत. त्या दिवशी 'श्रेष्ठ' हा शब्द आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारला.

आता यादीकडे वळू. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं 1998 मध्ये 100 सर्वश्रेष्ठ अमेरिकन चित्रपटांची यादी काढली. 400 चित्रपटांची मतपत्रिका सुमारे 1,500 जाणकारांकडे पाठवली होती. 2007 मध्ये तोच खटाटोप पुन्हा झाला. पहिला क्रमांक दोन्ही वेळा 'सिटिझन केन'चाच. पण खाली पाहा. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' 61 वरून 9 वर आला. जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' 96 वरून 12 वर. या 9 वर्षांत त्या चित्रपटांतली एक चौकटही बदललेली नव्हती. बदलले ते पाहणारे. म्हणजे क्रमांक हा चित्रपटाचा गुण नसून पाहणाऱ्यांची त्या वेळची नोंद आहे, हे आपण आधी मान्य करू.

इथे कुणी म्हणेल, "मग सगळं सापेक्षच की! ज्याची त्याची आवड." थांबा, इतक्या लवकर हात टेकू नका. डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीवरचा 1757 चा निबंध आठवा. चांगला रसिक कोण, तर ज्याची जाण तरल आहे, ज्याला सराव आहे, ज्यानं तुलना केली आहे आणि जो पूर्वग्रह बाजूला ठेवू शकतो. तुलना ही आस्वादाची अटच आहे. तेव्हा तुलनेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी आहे की यादी तुलनेचं फक्त उत्तर ठेवते आणि तुलना फेकून देते.

2007 च्या यादीत चौथा 'रेजिंग बुल' आणि पाचवा 'सिंगिंग इन द रेन'. एकात तुरुंगाच्या कोठडीत भिंतीवर मुठी आणि डोकं आपटणारा मुष्टियोद्धा, दुसऱ्यात भर पावसात छत्री मिटून नाचणारा जीन केली. पहिला दुसऱ्यापेक्षा एका क्रमांकानं श्रेष्ठ, म्हणजे नेमका कशानं? यातना आनंदापेक्षा एका घरानं वरची आहे का? दोघांना तोलायला एक तागडी नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर शरीर पडद्यावर काय काय बोलू शकतं ते कळतं. तुलनेचं खरं फळ ते, आणि चार-पाच या आकड्यांत त्याचा मागमूस राहत नाही.

आता जरा अवघड उदाहरण. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 1915 चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' पहिल्या यादीत 44 वा होता. संकलनाची भाषा घडवण्यात त्याचा वाटा मोठा. आणि तोच चित्रपट कू क्लक्स क्लानला तारणहार ठरवतो, कृष्णवर्णीयांना हिंस्र आणि हीन दाखवतो. प्रदर्शनाच्या वेळीच त्याविरुद्ध निदर्शनं झाली होती. दुसऱ्या यादीतून तो गेला, आणि ग्रिफिथचाच 'इन्टॉलरन्स' 49 वर आला. कलेतलं श्रेष्ठत्व आणि नैतिक अपराध एकाच कृतीत असतील तर काय म्हणायचं, हा इथे खरा प्रश्न होता. यादीकडे त्यासाठी दोनच शब्द: आत किंवा बाहेर. आत होता तेव्हा का, आणि बाहेर गेला तेव्हा का, दोन्ही वेळा कारण नाही. ज्याला कारण जोडलेलं नाही, त्याला आपण निर्णय म्हणत नाही.

आणि जे मतपत्रिकेवर येऊच शकत नाही त्याचं काय? नियम असा की कथापट हवा, साधारण 60 मिनिटांहून लांब. म्हणजे बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' त्यात नीट बसत नाही, कारण तो जेमतेम 45 मिनिटांचा. चार्ल्स बर्नेटनं लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, कत्तलखान्यात काम करणाऱ्या माणसावर 'किलर ऑफ शीप' केला. काम सत्तरच्या दशकातलं. पण त्यातल्या गाण्यांचे हक्क विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो रीतसर चित्रपटगृहांत लागला तो थेट 2007 मध्ये. जो पाहायलाच मिळाला नाही, त्याला मत कोण देणार?

मग निवड सोडूनच द्यायची का? नाही. फिल्म नाशवंत आहे; मूकपटांच्या काळातला फार मोठा भाग कायमचा गेला. काय जपायचं हे कुणीतरी ठरवलंच पाहिजे. अमेरिकेत 1988 च्या कायद्यानं नॅशनल फिल्म रजिस्ट्री आली. दरवर्षी 25 चित्रपट, किमान 10 वर्षं जुने, सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाचे. लक्षात घ्या, ही निवड आहे, पण क्रमवारी नाही. 'किलर ऑफ शीप' तिथे 1990 मध्येच पोचला, चित्रपटगृहांच्या 17 वर्षं आधी. 'शेरलॉक ज्युनियर' 1991 मध्ये. आणि 'द बर्थ ऑफ अ नेशन' 1992 पासून तिथे आहे. महत्त्वाचं म्हणून जपलं, याचा अर्थ गौरव केला असा होत नाही, ही समज त्या पद्धतीत आहे.

तेव्हा याद्या जरूर वाचा. नवख्याला सुरुवात कुठून करायची ते त्यांतूनच कळतं. आम्हालाही तसंच कळलं. फक्त चित्रपट पाहताना आकडा विसरा. पाहून झाल्यावर मित्राला एक प्रसंग सांगा आणि तो का लक्षात राहिला ते सांगा. तो "मला नाही पटत" म्हणाला, तर त्याचंही कारण ऐका. आणि एखादा थोर चित्रपट भिडला नाही, तर टपरीवर तसं स्पष्ट म्हणा. आम्ही त्या रात्री म्हणालो असतो, तर कदाचित कुणीतरी आम्हाला ती खिडकी तेव्हाच दाखवली असती.

पुढच्या वेळी आपण 'अभिजात' या शब्दाकडे वळू.