स्थलांतरितांचा वारसा : ‘सन्स ऑफ इटली’ संघाच्या इतिहासाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

परदेशी स्थायिक झालेल्या समाजाची वारसासंस्था म्हणजे मायदेशाची परंपरा जपणारी संस्था, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. परंपरा आधीच सिद्ध होती व संस्थेने ती केवळ सांभाळली, असे तीत गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील ‘ऑर्डर सन्स ऑफ इटली’ या संघाचा इतिहास या गृहीतकाची फेरतपासणी करावयास लावतो.

स्थापनेची पार्श्वभूमी

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यांत दक्षिण इटलीतील गरीब शेतकरी व मजूर बहुसंख्य होते. इटलीचे राज्य १८६१ मध्येच स्थापन झालेले असल्याने त्यांची निष्ठा राष्ट्रापेक्षा गावाशी अधिक होती. गावच्या चर्चचा घंटेचा मनोरा दिसतो तेवढाच आपला मुलूख, या वृत्तीला इटालियन भाषेत ‘कांपानिलिस्मो’ म्हणतात. न्यूयॉर्कमधील परस्परसाहाय्य मंडळेही अनेकदा गावनिहाय विभागलेली होती. या विखुरलेल्या समाजाला एका छत्राखाली आणण्यासाठी सिसिलीहून आलेले डॉ. विन्चेन्झो सेलारो यांनी २२ जून १९०५ रोजी हा संघ स्थापन केला. विमा, आजारपणातील मदत व नागरिकत्व मिळविण्यासाठी साहाय्य ही त्याची प्रारंभीची कार्ये होत. सिसिलीचा वा नेपल्सचा माणूस ‘इटालियन’ झाला तो बऱ्याच अंशी अमेरिकेत. येथे वारसा गरजेतून घडला.

प्रतीकांची निवड

संघाने कोलंबस दिनाचा सातत्याने पुरस्कार केला. १४९२ मध्ये स्पेनच्या वतीने निघालेल्या जिनोव्हाच्या या दर्यावर्दीच्या काळी इटली हे राष्ट्रच नव्हते. तरीही ही निवड निष्कारण म्हणता येत नाही. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने ११ इटालियनांची हत्या केली होती. अशा तिरस्काराच्या वातावरणात अमेरिकेच्या आरंभकथेतच स्वतःला स्थान मिळविणे हा स्वसंरक्षणाचा मार्ग होता. मात्र मूळनिवासी समाजांच्या दुःखाकडे त्यातून दुर्लक्ष झाले व २०२० मध्ये अनेक शहरांतील कोलंबसचे पुतळे हटविले गेले, हेही नोंदवणे आवश्यक ठरते. याउलट संघाच्या व्यवस्थेखालील स्टेटन आयलंडवरील गॅरिबाल्डी-मेउची संग्रहालय वेगळे प्रतीक पुढे ठेवते. तेथे १८५० मध्ये निर्वासित म्हणून आलेला गॅरिबाल्डी मेउचीच्या आश्रयाने राहिला व मेणबत्त्यांच्या कारखान्यात राबला. सामान्य स्थलांतरिताच्या जीवनाशी हे प्रतीक अधिक जवळचे आहे.

निष्ठेचा पेच

१९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर येताच संघाचे प्रमुख जोव्हानी दी सिल्व्हेस्त्रो यांनी त्याला पाठिंबा दर्शविला. १९२५ मध्ये साल्वातोरे कोतिल्लो यांच्या नेतृत्वाखालील न्यूयॉर्क शाखा संघातून बाहेर पडली. फिओरेल्लो ला ग्वार्दियाही त्यांच्यासमवेत होते. अमेरिकेतील इटालियनांच्या जीवनात फॅसिस्ट राजकारणास वाव असू नये, ही त्यांची भूमिका होती. वारसा मायदेशाच्या सत्तेचा की स्थलांतरित समाजाचा, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष फुटीस कारण ठरला. पुढे महायुद्धात नागरिकत्व नसलेल्या सुमारे ६ लाख इटालियनांना ‘शत्रुदेशीय’ ठरविण्यात आले व १९४२ च्या कोलंबस दिनी ते बंधन उठविल्याची घोषणा झाली. या अन्यायाची अधिकृत दखल घेणारा कायदा २००० मध्ये संमत झाला.

निष्कर्ष

१९४२ चा अन्याय व १९२२ चा पाठिंबा ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत. पहिल्याचे स्मरण समाजाला प्रतिष्ठा देते. दुसऱ्याचे स्मरण त्याला प्रामाणिक ठेवते. समाजातील बहुसंख्यांनी देशद्रोह केला नव्हता, हे सत्य त्यामुळे उणावत नाही. २०१७ मध्ये संघाने नावात ‘डॉटर्स’ हा शब्द समाविष्ट करून वारशाच्या व्याख्येत बदल होऊ शकतो, हे स्वतःच मान्य केले. वारसासंस्थेचे मूल्यमापन तिने काय जपले एवढ्यावरच न थांबता काय निवडले व काय वगळले, याच्या आधारे होणे अधिक न्याय्य ठरेल.