वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रशैलीतील स्थित्यंतर (१९५७ ते १९६५)

आधुनिक भारतीय चित्रकलेत वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. त्यांच्या शैलीतील परिवर्तनाचे श्रेय अनेकदा १९६४ साली मिळालेल्या रॉकफेलर शिष्यवृत्तीला व न्यूयॉर्कमधील वास्तव्याला दिले जाते. मार्क रॉथको यांच्या चित्रांशी असलेले साम्य त्यासाठी पुढे केले जाते. तथापि चित्रांचा कालक्रम पाहता हे मत तपासून घेणे आवश्यक ठरते.

नागपूर येथे जन्मलेल्या गायतोंडे यांनी १९४८ साली मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून पदविका घेतली. त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रांची सपाट रंगक्षेत्रे आढळतात. पुढे पॉल क्ले यांच्या प्रभावाने रेषा आकाराच्या बंधनातून सुटू लागली. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. गौरव लाभलेली शैली जपण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक असतो. गायतोंडे यांच्या चित्रांतून मात्र याच सुमारास मानवाकृती व ओळखीच्या वस्तू ओसरू लागल्या.

या काळात मुंबईतील भुलाभाई देसाई स्मृती संस्थेत, समुद्राच्या सान्निध्यात, त्यांचे काम चालत असे. कुंचल्याची जागा हळूहळू सुरी व रोलर यांनी घेतली. कुंचल्याच्या फटकाऱ्यात हाताची खूण उरते. रोलरने ती पुसली जाते. परिणामी रेषेऐवजी रंगाचा थर चित्राचा आधार बनला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातील ‘पेंटिंग, ४’ हे चित्र १९६२ चे, म्हणजेच अमेरिकावारीपूर्वीचे आहे. या वर्षांतील आडवे पट्टे समुद्राची आठवण देतात, परंतु ती समुद्रचित्रे नव्हेत. गायतोंडे स्वतः ‘अमूर्त’ या संज्ञेपेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ ही संज्ञा पसंत करीत. अमूर्तीकरणात मूळ वस्तू गृहीत असते. येथे आरंभच वस्तूपासून होत नाही. झेन विचाराविषयीची त्यांची आस्था या भूमिकेशी सुसंगत आहे.

पाश्चात्त्य चित्रे छापील प्रतिकृतींतून मुंबईत पोहोचत होती, त्यामुळे बाह्य प्रभाव सर्वस्वी नाकारता येत नाही. परंतु न्यूयॉर्कच्या वास्तव्याने नवी दिशा दिली असे न म्हणता, मुंबईत आधीच स्वीकारलेली दिशा दृढ केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

सारांश, साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. कालक्रमाकडे दुर्लक्ष करणारी समीक्षा एका स्वतंत्र चित्रकाराला नकळत अनुयायी ठरवते. गायतोंडे यांचे स्थित्यंतर हे परक्या शैलीचे ग्रहण नसून स्वतःच्या शैलीतील अनावश्यकाचा सातत्यपूर्ण त्याग होता.