अमेरिकन फुटबॉल, १९९९ : टांगून ठेवलेला निषाद

इंटरनेटवर जरा जास्त वेळ घालवत असाल तर हे घर तुम्ही पाहिलंच असेल. पांढरं, लाकडी, खालून वर बघत काढलेला फोटो, रात्रीचं हिरवट आकाश, वरच्या मजल्यावर खिडकीत उजेड. त्यावर शेकड्याने मीम्स बनलीत. खाली हमखास कुणीतरी लिहितं, की जे दिवस मी जगलोच नाही त्यांची आठवण येतेय.

हे 'अमेरिकन फुटबॉल' या बँडच्या पहिल्या अल्बमचं कव्हर. अल्बमचं नावही तेच. सप्टेंबर १९९९ मध्ये पॉलिविनाइल या छोट्या लेबलने तो काढला. फोटो ख्रिस स्ट्राँगने काढलेला, घर इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावातलं. आज हा अल्बम म्हणजे नॉस्टॅल्जियाचं अधिकृत चिन्ह झालाय. मला वाटतं, तो नॉस्टॅल्जिया बराचसा आपण आणून ओतलेला आहे. हा अल्बम करणारी तीन पोरं बाविशीच्या आसपासची होती, कॉलेज संपत आलं होतं आणि बँडही त्याबरोबर संपणार होता. मागे वळून बघायला त्यांच्यामागे अजून काही साठलंच नव्हतं. जे चाललंय ते संपतंय, एवढंच त्यांना दिसत होतं. या दोन अवस्थांमध्ये फरक आहे आणि तो गाण्यांत ऐकू येतो.

ईमो म्हटलं की आपल्या पिढीला डोळ्यावर आलेले काळे केस आणि काजळ आठवतं. ते नंतरचं. मुळात १९८० च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डीसीतल्या हार्डकोर पंकमधून हे निघालं. 'राइट्स ऑफ स्प्रिंग'सारख्या बँडनी त्या आरडाओरडीत स्वतःच्या मनातलं बोलायला सुरुवात केली. नव्वदीत ते अमेरिकेच्या मध्यभागातल्या कॉलेजगावांमध्ये पोचलं. माइक किन्सेला शाळकरी वयात शिकागोकडच्या 'कॅप्टन जॅझ'मध्ये ड्रम वाजवायचा. इथे तो गातो आणि गिटार वाजवतो. दुसरी गिटार स्टीव्ह होम्सची, ड्रम आणि ट्रम्पेट स्टीव्ह लामोसचं. बास वाजवणारा कुणी नव्हताच, रेकॉर्डवर तोही माइकनेच वाजवला.

आता गिटारकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. गिटारच्या सहा तारा साधारणपणे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. अल्बमचं पहिलं गाणं 'नेव्हर मेंट' वाजवायला त्या एफ, ए, सी, जी, सी, ई अशा लावाव्या लागतात. म्हणजे तीन तारांचे कान पिळायचे. (सगळी गाणी याच ट्यूनिंगमध्ये नाहीत, पण हे ट्यूनिंग त्या गाण्यामुळे इतकं गाजलं की गिटारवाली मुलं त्याचा एकच शब्द करून उच्चार करतात.) एफला सा धरा आणि बोटं न लावता सगळ्या तारा छेडा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत काय ऐकू येतं? सा, ग, प, रे, प, नी. सगळे शुद्ध. खाली सा पक्का बसलाय, मधे गोडवा आहे, आणि सगळ्यात वरची तार निषादावर टांगलेली आहे. घरी कुणी पेटी शिकत असेल तर वाजवून बघा. शुद्ध निषादावर बोट ठेवून थांबलं की कान वरच्या सा ची वाट बघत राहतो. तो तिथेच, शेजारच्या पट्टीवर असतो. हे ट्यूनिंग हात लावायच्या आधीच तुम्हाला त्या वाट बघण्यात नेऊन बसवतं. दुःखी गाण्यासाठी कोमल स्वरांकडे जायचा सोपा रस्ता होता. हे त्या रस्त्याने गेले नाहीत.

त्यावर दोन गिटारी आपापली आवर्तनं घेऊन फिरतात. एकीचं वळण संपतं तेव्हा दुसरीचं अजून मधेच असतं. बँडच्या लोकांनी स्टीव्ह राइशचं नाव प्रभाव म्हणून घेतलंय. त्याच्या १९६७ च्या 'पियानो फेज'मध्ये दोन पियानो एकच छोटी ओळ वाजवत वाजवत हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि पुन्हा जुळतात. ती युक्ती इथे भाड्याच्या खोलीत आलीय. तबला ऐकणारा माणूस समेची वाट बघतो तशी आपण दोन्ही गिटारींच्या भेटीची वाट बघतो. लामोस खाली ताल मोजत असतो, पण तोही सरळ नाही. ऑफिसात हेडफोन लावून काम करताना हे संगीत 'बॅकग्राउंडला छान' म्हणून चालतं. पण पायाने ठेका धरून बघा, दर काही मात्रांनी तो चुकतो.

आणि शब्द? फार थोडे. 'स्टे होम' आठ मिनिटांचं गाणं आहे आणि त्यात कितीतरी वेळ फक्त वाद्यंच चालतात. मग माइक येतो, थोडंसं बोलतो, जातो. दोन गाणी तर संपूर्ण विनाशब्द आहेत. जिथे शब्द आहेत तिथे एक नातं संपतंय आणि कुणीच गुन्हेगार नाही. दोघं समजूतदार आहेत, नंतर शांतपणे बोलू म्हणतायत. गायला त्याला फारसं येत नाही हेही सांगून टाकतो. वरच्या पट्टीत आवाज ताणला जातो, आणि मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात.

इथे एक जुना वाद उकरावा लागेल. २००३ साली जेसिका हॉपरने 'पंक प्लॅनेट'मध्ये एक लेख लिहिला : ईमोमध्ये मुली आहेत कुठे? तिचं म्हणणं असं, की या गाण्यांतल्या मुलींना नाव नाही, चेहरा नाही, त्या फक्त गाणाऱ्या मुलाचं काळीज मोडायला येतात. त्या काळातल्या बऱ्याच बँडना हा आरोप पुरेपूर लागू होतो. तिच्यावर सूड उगवणारी गाणी तेव्हा ढिगाने आली. 'अमेरिकन फुटबॉल'चे चाहते यावर चटकन म्हणतात, आमच्या अल्बममध्ये तसलं काही नाही. खरंय, शिव्याशाप नाहीत. पण तीसुद्धा नाही. ती काय म्हणाली, तिला काय हवं होतं, हे नऊ गाण्यांत कुठेही कळत नाही. 'आपलं दोघांचं जमलं नाही' हे वाक्य फार सभ्य आहे, पण ते दोघांच्या वतीने एकटाच म्हणतोय. हा समजूतदारपणा थोडा पळपुटाही आहे. कुणाचीच चूक नाही असं ठरवलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही.

मला हा अल्बम तरीही आवडतो, आणि कारण गिटारीच आहेत. माइकचे शब्द जे मिटवून टाकतात ते त्या उघडं ठेवतात. तो सांगतो ठीक आहे, झालं, आणि वर निषाद तसाच वाजत राहतो.

बँड अल्बम आला त्याच सुमारास मोडला. पोरं आपापल्या वाटेने गेली. लामोस पुढे प्राध्यापक झाला, माइक 'ओवेन' या नावाने एकट्याची गाणी करत राहिला. मग हा अल्बम पसरला कसा? रेडिओने नाही, टूरने नाही. हळूहळू, एकाने दुसऱ्याला फाइल पाठवत, मग यूट्यूबवर. यातला एक योगायोग मला, कोड लिहून पोट भरणाऱ्याला, फार आवडतो. अर्बाना-शॅम्पेनच्या ज्या युनिव्हर्सिटीच्या गावात हा बँड जन्मला, तिथेच १९९३ साली मोझॅक ब्राउझर बनला होता. आणि यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी दोघं, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम, तिथेच शिकायला होते. 

२०१४ साली अल्बम पुन्हा निघाला आणि बँड पुन्हा एकत्र आला. १५ वर्षांपूर्वी ज्यांना मोजकेच लोक ऐकायचे ते भरलेल्या थिएटरांत वाजवू लागले. २०२३ मध्ये बँड, लेबल आणि छायाचित्रकार यांनी मिळून ते घरच विकत घेतलं, पाडलं जाऊ नये म्हणून. लोक येऊन त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. विद्यार्थ्यांनी भाड्याने राहायचं, सहा महिन्यांनी सोडायचं, असलं ते घर. आता ते सोडून जाता येत नाही.

नवीन ऐकणार असाल तर 'नेव्हर मेंट'ने सुरुवात करू नका. ते गाणं मीम्सने झिजवलंय. शेवटचं लावा, 'द वन विथ द वुर्लिट्झर'. तीन मिनिटांहून कमी. शब्द नाहीत. वुर्लिट्झर म्हणजे जुना इलेक्ट्रिक पियानो, त्याच्यावर लामोसचं ट्रम्पेट, जरासं दमलेलं, सुराला घासून जाणारं. कुणी कुणाच्या वतीने काही बोलत नाही.