वेग आणि अधिकार : 'नेटमॅप'मधील नियंत्रण-कॉलची चिकित्सा

सारांश

नेटवर्क कार्डावरून येणारी-जाणारी पॅकेट्स अतिवेगाने थेट वापरकर्त्याच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचविण्यासाठी इटलीतील पिसा विद्यापीठात 'नेटमॅप' हा आराखडा सिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे. नेटमॅपची ख्याती वेगासाठी आहे. तथापि कर्नलने आपला कोणता अधिकार सोडला व कोणता राखला, या विवेकात त्याचे मोल अधिक आहे. आणि हा अधिकार ज्या नियंत्रण-कॉलद्वारे सुपूर्द होतो त्या कॉलच्या मोघमपणात त्याचा मुख्य दोष आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नेटमॅप, कर्नल, आयओसीटीएल, पॅकेट, सामायिक मेमरी, अधिकार.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्रातील एखाद्या कृतीचे मूल्यमापन बहुधा एका आकड्यावरून केले जाते. लुइजी रिझ्झो यांनी जून २०१२ मध्ये बोस्टन येथील युजनिक्स वार्षिक तांत्रिक परिषदेत नेटमॅपविषयीचा शोधनिबंध सादर केला, तेव्हाही असेच घडले. ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसरचा एकच गाभा सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट्स पाठवू किंवा स्वीकारू शकतो, हा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. १० गिगाबिट क्षमतेच्या जोडणीवर लहानात लहान आकाराची पॅकेट्स याहून अधिक संख्येने जाऊच शकत नाहीत. या निबंधास परिषदेचा सर्वोत्तम निबंधाचा सन्मान मिळाला आणि पुढील चर्चेत हाच आकडा वारंवार उद्धृत होत राहिला.

हा आकडा खरा आहे, पण तो अपुरा आहे. ही चाचणी पॅकेटच्या ने-आणीची आहे. पॅकेट उघडून त्यावर निर्णय घेण्याची नाही. त्याच निबंधात नेटमॅपवर प्रत्यक्ष स्विच वा राउटरचे काम करणारी सॉफ्टवेअर चालवून पाहिली आहेत आणि त्यांचा वेग या कमाल मर्यादेच्या बराच खाली आहे. निबंधकाराने ही गोष्ट लपविलेली नाही. वाचकांनी मात्र एक आकडा उचलला आणि त्यामागील रचनेचा विचार मागे पडला. हा विचार मुख्यतः अधिकाराचा आहे. नेटवर्क कार्ड ही संगणकावरील सर्व प्रोग्रामांची सामायिक मालमत्ता असून कर्नल हा तिचा विश्वस्त होय. वेगासाठी ही मालमत्ता एकाच प्रोग्रामच्या हाती द्यावयाची, तर ती कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. पूर्वपीठिका

१० गिगाबिटच्या जोडणीवर लहानात लहान पॅकेट ६४ बाइटचे असते. त्याच्या आगेमागे लागणारे २० बाइटचे अंतर धरले, तर एका पॅकेटच्या वाट्यास ६७.२ नॅनोसेकंद येतात. याउलट फ्रीबीएसडी या प्रणालीत एक पॅकेट नेहमीच्या सॉकेटमार्गे पाठविण्यास सुमारे ९५० नॅनोसेकंद लागतात, असे रिझ्झो यांचे मोजमाप होते. म्हणजे उपलब्ध वेळेच्या चौदापट वेळ खर्च होत होता. या खर्चाची त्यांनी दाखविलेली कारणे तीन : प्रत्येक पॅकेटसाठी नव्याने मेमरी मिळविणे, प्रत्येक पॅकेटसाठी कर्नलला स्वतंत्र कॉल करणे आणि मजकुराची एका जागेहून दुसऱ्या जागी नक्कल करणे.

कर्नलला विनंती करण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांपैकी 'आयओसीटीएल' हा कॉल १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आला आहे. वाचणे आणि लिहिणे या दोन क्रियांत न बसणारी उपकरणांची सारी कामे या एका कॉलच्या ओटीत टाकण्याची प्रथा पडली. कॉल एकच; त्यासोबत दिलेल्या क्रमांकानुसार त्याचा अर्थ बदलतो. ही सोय मोठी आहे आणि धोकाही तिच्यातच आहे.

नेटवर्कच्या क्षेत्रात या प्रथेचा उत्तम नमुना म्हणजे बर्कली पॅकेट फिल्टर. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यात प्रोग्राम एक उपकरण-फाइल उघडतो. एका नियंत्रण-कॉलने आपल्याला कोणता इंटरफेस हवा ते सांगतो, दुसऱ्याने बफरचा आकार ठरवितो आणि तिसऱ्याने गाळणीचे नियम कर्नलकडे देतो. प्रत्येक कॉलचे काम एक आणि नेमके. शिवाय येथे प्रोग्रामला मिळते ती पॅकेटची प्रत. मूळ पॅकेट आपल्या वाटेने जातच राहते. प्रोग्राम हा साक्षीदार असतो, मालक नव्हे.

३. नेटमॅपची रचना

नेटमॅपनेही हाच जुना दरवाजा वापरला. प्रोग्राम नेटमॅपची उपकरण-फाइल उघडतो. नंतर नोंदणीचा नियंत्रण-कॉल करतो आणि त्यासोबत एक विनंती-पत्रक देतो. त्यात इंटरफेसचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि कोणत्या रांगा हव्यात ते नमूद असते. कर्नल विनंती मान्य करतो, सामायिक मेमरीचा आकार व रांगांची संख्या त्याच पत्रकात भरून परत देतो. मग प्रोग्राम ती मेमरी आपल्या पत्त्यांच्या अवकाशात जोडून घेतो. या मेमरीत वर्तुळाकार रांगा असतात. रांगेतील प्रत्येक खणात बफरचा क्रमांक, पॅकेटची लांबी आणि काही खुणा असतात. यानंतर पॅकेटमागे एक कॉल करण्याची गरज उरत नाही. शेकडो खण भरून झाल्यावर एकदाच 'पाठव' किंवा 'आलेले दाखव' असा समन्वयाचा कॉल करावयाचा, अथवा 'पोल' या परिचित कॉलने वाट पाहावयाची. बफर आधीच राखून ठेवलेले असल्याने मेमरी मागावी लागत नाही आणि ते सामायिक असल्याने नक्कल करावी लागत नाही. तीनही खर्चांना अशी तीन उत्तरे मिळाली.

या रचनेतील लक्षणीय गोष्ट अशी की, खणात बफरचा पत्ता नसून क्रमांक असतो. कार्डाच्या नियंत्रण-नोंदी प्रोग्रामला दिसतही नाहीत. समन्वयाच्या कॉलवेळी कर्नल क्रमांक आणि लांबी तपासून पाहतो आणि मगच कार्डाला आज्ञा देतो. सदोष प्रोग्राम आपल्या पॅकेट्सचा विचका करू शकेल. कर्नल मात्र कोसळणार नाही. प्रोग्राम अचानक बंद पडला, तर उघडी फाइल कर्नल मिटवितो आणि कार्ड पूर्ववत होते.

४. गुणग्रहण

या संयमाचे महत्त्व तुलनेने स्पष्ट होते. इंटेलमध्ये जन्मलेल्या आणि २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली असलेल्या डीपीडीके या आराखड्याने दुसरी वाट धरली. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत कार्ड कर्नलच्या ड्रायव्हरपासून तोडले जाते आणि कार्ड हाताळणारा ड्रायव्हर प्रोग्रामच्याच कक्षेत चालतो. तो कार्डाकडे अखंड पाहत राहतो. त्यामुळे पॅकेट येवो वा न येवो, प्रोसेसरचा गाभा पूर्णपणे गुंतलेला असतो. हार्डवेअरमधील संरक्षण वापरून मेमरीची मर्यादा येथेही राखता येते. परंतु विश्वस्ताची मध्यस्थी संपते. विश्वस्ताला दूर न सारता वेग मिळू शकतो, हे नेटमॅपने सिद्ध केले. प्रत्येक पॅकेटला पहारा देण्याऐवजी पॅकेटांच्या जुडीला पहारा द्यावा, ही त्यामागील साधी युक्ती होय. पहाऱ्याचा खर्च विभागला गेला, पहारा राहिला.

५. दोषदर्शन

याच निकषावर नेटमॅपला तपासले असता दोन दोष दिसतात.

पहिला दोष विनंती-पत्रकाचा आहे. ज्या दस्तऐवजाने अधिकाराचे हस्तांतरण होते, तो निःसंदिग्ध असावयास हवा. आरंभीच्या रचनेत रांगेचा क्रमांक आणि 'यजमान प्रणालीची रांग हवी', 'एकच रांग हवी', 'वाट पाहताना पाठवू नकोस' या अगदी भिन्न प्रकारच्या सूचना एकाच रकान्यातील निरनिराळ्या बिटांत कोंबल्या होत्या. पुढे आभासी स्विचला पोर्ट जोडणे, काढणे अशी कामे आली, तेव्हा त्याच नोंदणी-कॉलमध्ये एक आज्ञेचा रकाना आणि पहिला, दुसरा, तिसरा अशा केवळ क्रमाने ओळखले जाणारे युक्तिवाद-रकाने वाढविण्यात आले. आज्ञा बदलली की रकान्याचा अर्थ बदलणार. नाव नोंदणीचे आणि काम जोडणी तोडण्याचे, अशीही स्थिती संभवू लागली. ही आयओसीटीएलची जुनी व्याधीच होय : एका कॉलच्या ओटीत सारे टाकण्याची सवय आता एका पत्रकाच्या ओटीत उतरली.

२०१८ मध्ये या दोषाचे परिमार्जन झाले. नव्या नियंत्रण-कॉलमध्ये एक समान शीर्षपत्रक ठेवून त्यात विनंतीचा प्रकार स्पष्ट लिहिण्याची सोय झाली आणि प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र पत्रक आले. जुने पत्रक वारसा म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्यात आले. आवृत्तीचा रकाना आरंभापासून असल्यामुळे हे स्थित्यंतर शक्य झाले, याचे श्रेय मूळ रचनेस दिलेच पाहिजे. मात्र दुरुस्तीला सहा-सात वर्षे लागावीत, यावरून रचनाकारांचे लक्ष कोठे केंद्रित होते हेही कळते. पॅकेटचा मार्ग नॅनोसेकंदांत मोजला गेला. त्या मार्गावर पाऊल ठेवण्याचा परवाना मात्र बराच काळ मोघम राहिला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नेटमॅपमध्ये प्रोग्राम इंटरफेस मागतो किंवा फार तर त्याची एखादी रांग मागतो. 'अमुक प्रकारचीच पॅकेट्स हवीत' असे त्याला सांगता येत नाही. नोंदणी झाली की इंटरफेस यजमान प्रणालीच्या नेटवर्क-व्यवस्थेपासून तुटतो. विशेष म्हणजे ही गोष्ट त्या व्यवस्थेला कळत नाही. इंटरफेस जागेवर आहे असेच ती समजत राहते आणि तिने पाठविलेली पॅकेट्स एका खास रांगेत येऊन थांबतात. येणारी पॅकेट्स प्रोग्रामने स्वतःहून पुढे सोडली नाहीत, तर यजमानाची अग्निभिंत त्यांना तपासू शकत नाही आणि नेहमीच्या टिपण-साधनांना ती दिसतही नाहीत. शिवाय प्रत्यक्ष कार्डांचे सर्व इंटरफेस सामान्यतः एकच मेमरी-क्षेत्र वापरतात. एका कार्डाकडून दुसऱ्या कार्डाकडे नक्कल न करता पॅकेट देता यावे, हा त्यामागील हेतू. परंतु परिणामी दोन कार्डांवर काम करणारे दोन प्रोग्राम एकमेकांचे बफर पाहू शकतात. कर्नल सुरक्षित आहे. शेजारी सुरक्षित नाही. या सर्वांवरील कुलूप म्हणजे उपकरण-फाइलची परवानगी, आणि फ्रीबीएसडीत ती मुळात केवळ मूळ प्रशासकास असते. कुलूप भक्कम आहे, पण ते वाड्याच्या दिंडीदरवाजाला आहे. आतल्या खोल्यांना नाही.

लिनक्सच्या ४.१८ या आवृत्तीत २०१८ मध्ये आलेली एएफ-एक्सडीपी ही व्यवस्था या ठिकाणी बोधप्रद ठरते. सामायिक मेमरी, आधी राखलेले बफर, वर्तुळाकार रांगा हे नेटमॅपशी जुळणारे विचार तिच्यातही आहेत. मेमरीची नोंदणी, प्रत्येक रांगेचा आकार आणि इंटरफेसशी बांधणी यांसाठी मात्र वेगवेगळे कॉल आहेत. मुख्य फरक असा की, कोणते पॅकेट प्रोग्रामकडे वळवावयाचे हे कर्नलने आधी तपासून घेतलेला एक छोटा नियम-प्रोग्राम ठरवितो. उरलेली पॅकेट्स नेहमीच्या वाटेने जातात. १९९३ च्या गाळणीचा आणि २०१२ च्या सामायिक रांगांचा हा संगम होय. किंमत म्हणून गुंतागुंत वाढली, हे मान्य करावे लागते. नेटमॅपची संपूर्ण रीत अर्ध्या तासिकेत फळ्यावर मांडता येते. एएफ-एक्सडीपीच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

या चर्चेचा आपल्या वर्गाशी निकटचा संबंध आहे. नेटवर्क शिकविताना सात स्तरांची आकृती आपण काढतो. पॅकेट जणू आपोआप एका स्तरातून दुसऱ्यात उतरते. परंतु ही उतरण कोणाच्या अनुमतीने होते, तिचा खर्च किती आणि तो कोण सोसतो, हे प्रश्न त्या आकृतीत मावत नाहीत. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंगवरील ग्रंथात, त्याच्या २००३ च्या तिसऱ्या आवृत्तीतही, नियंत्रण-कॉलवर आणि इंटरफेसच्या थेट उपयोगावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. अध्यापनात अशी प्रकरणे 'तपशील' म्हणून वगळली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा तपशील नव्हे. सामायिक साधनसंपत्ती कोणत्या शब्दांत कोणाकडे सोपवावी, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या वा वाणिज्याच्या अध्यापकासही परका नाही. येथे तो केवळ मेमरी आणि रांगा यांच्या भाषेत विचारला जातो.

यासाठी महागड्या सामग्रीची आवश्यकता नाही. नेटमॅपसोबत येणारा आभासी स्विच आणि पॅकेट-निर्मितीचा प्रोग्राम एकाच यंत्रावर चालतात. ज्या कार्डांना खास आधार नाही तेथे अनुकरण-पद्धतीने, कमी वेगाने का होईना, प्रयोग करता येतो. प्रथम सॉकेटमार्गे आणि मग नेटमॅपमार्गे पॅकेट पाठवून विद्यार्थ्यांनी फरक मोजावा. त्यानंतर त्याच इंटरफेसवर टिपण-साधन लावून तेथे काहीच का दिसत नाही, याचे उत्तर शोधावे. पहिल्या प्रयोगाने वेगाची जाण येईल. वेगाची किंमत दुसऱ्या प्रयोगाने कळेल.

७. समारोप

नेटमॅपने कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातील जुना करार नव्याने लिहिला. पहारा न हटवता गती वाढविता येते, हे त्याने दाखवून दिले, आणि हे त्याचे योगदान १ कोटी ४८ लाखांच्या आकड्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे. कराराचा मसुदा मात्र त्याच काळजीने लिहिला गेला नाही : आरंभीचे पत्रक संदिग्ध होते आणि सोपविलेला अधिकार गरजेपेक्षा व्यापक होता. पहिली उणीव २०१८ मध्ये भरून निघाली. दुसरी रचनेच्या मुळाशीच असल्याने तिचे उत्तर दुसऱ्या व्यवस्थेस द्यावे लागले. अतिवेगवान पॅकेट-व्यवस्थेच्या कोणत्याही नव्या प्रस्तावाचे परीक्षण करताना सेकंदाला किती पॅकेट्स, हे अवश्य विचारावे. परंतु त्याआधी त्याचे विनंती-पत्रक वाचावे आणि त्यात नेमके काय मागितले आहे व काय देऊन टाकले आहे, ते पाहावे.